आवडती स्टेशनं खालीलप्रमाणे

भित्तिपत्रकाची कल्पना ग्रंथपालांची नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढे ती कुणाचीच नव्हती असं ठरलं.

सोसायटीच्या तळमजल्यावर लिफ्टशेजारी काचेच्या दाराचा एक नोटीसबोर्ड आहे. त्यावर पाण्याच्या पंपाबद्दल एकच नोटीस लागलेली आहे. ती इतकी जुनी की तिच्यावर सही करणारा सभासद घर विकून गेला आणि ज्या पंपाबद्दल ती होती तो पंपही भंगारात गेला. रविवारच्या सभेत सेक्रेटरी म्हणाला, "या बोर्डाचा काहीतरी सांस्कृतिक उपयोग व्हायला पाहिजे." सेक्रेटरी बाथरूमच्या फरश्यांचा व्यापारी. त्याच्या तोंडून 'सांस्कृतिक' हा शब्द ऐकताना ग्रंथपालांना चपलेत खडा गेल्यासारखं झालं.

ग्रंथपालांना सोसायटीत सगळे ग्रंथपालच म्हणत. एका कॉलेजच्या लायब्ररीत एकतीस वर्षं काढून ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. माणसं दोनच प्रकारची, असं त्यांचं मत होतं: पुस्तक वेळेवर परत करणारी आणि बाकीची. पहिल्या प्रकारातला माणूस त्यांना आयुष्यात एकच भेटला होता, आणि त्याची ते रोज सकाळी आरशासमोर दाढी करत.

"संपादक ग्रंथपालसाहेबच," सेक्रेटरीने जाहीर केलं. नाही म्हणायला ग्रंथपालांनी इतका वेळ घेतला की सभेने तो होकारच धरला.

आता विषय. कुणाचं मन दुखावणार नाही असा हवा. राजकारण नको, कारण पहिला मजला. संगीत नको, कारण चौथ्या मजल्यावरची पेटी. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण म्हणाली, "माझं आवडतं रेल्वे स्टेशन! प्रत्येकाचं एखादं असतंच की. का आवडतं, ते लिहायचं." स्टेशनावरून कोण कशाला भांडेल, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. माणसं किती भोळी असतात बघा.

वरच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड राहत. पंचाहत्तरी उलटलेले, पण आवाज शिट्टीसारखा. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी नाही लिहिणार," गार्ड म्हणाले. "छत्तीस वर्षं मी गाडीच्या शेवटच्या डब्यात उभा होतो. मला आवडतं ते मागे पडलेलं स्टेशन. कुठलंही."

ग्रंथपालांनी घरी जाऊन नियम केले. मजकूर दोनशे शब्दांत. नाव लिहायचं नाही, म्हणजे संपादक तोंडं बघून निवड करतो असं कुणी म्हणणार नाही. लिफाफे खालच्या पेटीत टाकायचे. संपादक त्यावर क्रमांक घालेल आणि वहीत नोंद करेल. बायकोला त्यांनी नियम वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती.

"तुम्ही पण लिहिणार का?" तिने विचारलं.

"मी नमुना लिहिणार. लोकांना दर्जा म्हणजे काय ते कळायला नको?"

"कुठल्या स्टेशनावर?"

"हे काय विचारणं झालं? आपल्या जंक्शनवर!"

बायकोने एक देठ जरा जोरात मोडला आणि म्हणाली, "बरं."

हे जंक्शन म्हणजे ग्रंथपालांच्या सांगण्यातलं ठेवणीतलं प्रकरण. लग्नानंतर चौथ्या दिवशी नोकरीच्या गावी जाताना दोघांना तिथे गाडी बदलायची होती. घड्याळाखालच्या बाकावर दोघं चाळीस मिनिटं बसली. नवी नवरी भांबावलेली, परकं स्टेशन, आणि शेजारी धीर देणारा, सिग्नलची माहिती सांगणारा, शांत तरुण नवरा. ही चाळीस मिनिटं त्यांनी गेल्या चौतीस वर्षांत इतक्यांदा सांगितली होती की पाहुणे घड्याळाचं नाव निघताच चपला शोधायला लागत.

पेटीत दहा लिफाफे आले. नावं नव्हती, पण ओळखायला नावं लागतात कुठे? पहिल्यात एका मोठ्या शहरी स्टेशनचं वर्णन होतं. त्यात दोनशेपैकी एकशेऐंशी शब्द फरशीवर होते: ती घसरत कशी नाही, सांधे काळे कसे पडत नाहीत, आणि अशी फरशी 'आता आपल्या शहरातही' मिळते. ग्रंथपालांनी शेरा मारला: हे स्टेशन नसून दुकान आहे. दुसऱ्यात गाडी जिथे थांबतच नाही असं एक चिमुकलं स्टेशन होतं. एक झाड, एक बाक, कुणीच नाही. लेखिकेला ते धावत्या गाडीतून दर वेळी दिसतं आणि तोंड उघडून बसलेली माणसं नसलेली जागा पाहून बरं वाटतं. शेरा: न उतरता आवडलेलं स्टेशन म्हणजे न वाचता आवडलेलं पुस्तक. तिसरीला एक स्टेशन तिथल्या स्वच्छ स्वच्छतागृहासाठी आवडत होतं. विषय ग्रंथपालांना हलका वाटला. पण लेखिकेने सात स्टेशनांची तुलना केली होती, आणि त्या गठ्ठ्यात अभ्यास म्हणावा असा तेवढाच होता.

चौथा आणि सातवा लिफाफा समोरासमोरच्या घरांतल्या दोन सख्ख्या भावांचा. दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघांनी लहानपणीचं एकच स्टेशन निवडलं होतं. एकाच्या मते तिथला नळ फाटकाच्या डावीकडे होता, दुसऱ्याच्या मते उजवीकडे. ग्रंथपालांनी सौजन्य म्हणून दोघांना चिठ्ठी पाठवून खुलासा मागवला. मग काय, दोघंही नकाशे घेऊन दारात हजर. त्यांची बोलाचाली नव्हती ती सुरू झाली, आणि ती अशी, की आधीचीच बरी होती म्हणायची वेळ आली. शेवटी थोरला म्हणाला, "नळ फलाटावर उभं राहून बघायचा की गाडीतून?" आणि ग्रंथपालांनी दार लावून घेतलं.

पुढची अडचण बोर्डाची. सेक्रेटरीने नियमावली आणून दाखवली. "साहेब, इथे स्पष्ट लिहिलंय, बोर्डावर फक्त नोटिसा लावता येतील. भित्तिपत्रक ही नोटीस नाही."

"तुम्हीच तर म्हणालात सांस्कृतिक उपयोग करा!"

"माणूस म्हणून म्हणालो. आता सेक्रेटरी म्हणून बोलतोय."

तीन बैठकांनंतर तोड निघाली. मथळा असा द्यायचा: 'नोटीस. सर्व सभासदांना कळवण्यात येते की, सभासदांची आवडती स्टेशनं खालीलप्रमाणे आहेत.' पंपाची नोटीस ठरावाशिवाय काढता येणार नव्हती, म्हणून ती मधोमध राहणार आणि स्टेशनं तिच्या भोवतीने लागणार. दाराची किल्ली घर विकून गेलेल्या सभासदाबरोबर गेली होती, म्हणून सुताराला बोलावून बिजागऱ्याच काढल्या. एवढं झाल्यावर सेक्रेटरी मागे सरून म्हणाला, "नुसता मजकूर कोरडा वाटतो. एखादा फोटो पाहिजे."

फोटोबद्दल ग्रंथपालांना तिटकारा होता. ज्यांना वाक्य येत नाही ते फोटो लावतात, असं ते म्हणत. पण नमुन्याच्या लेखाला घड्याळाखालच्या बाकाचा फोटो असावा, हे त्यांच्या मनाने चोरून कबूल केलं. जंक्शन पॅसेंजरने दोन तासांवर. गार्ड म्हणाले, "मी येतो. तिथे माझा शब्द खाली पडत नाही." बायको मात्र म्हणाली, "तुम्हीच जाऊन या. मी पुरेसं बघितलंय ते स्टेशन."

जंक्शनवर उतरताच ग्रंथपालांनी ओळखलं की हे ते नव्हेच. सरकता जिना, काचेची प्रतीक्षागृहं, भिंतीवर हसरी कुटुंबं. नियमाने चालणारा माणूस असल्यामुळे ते आधी चौकशीच्या खिडकीशी गेले आणि फोटो काढण्याची परवानगी मागितली. खिडकीतल्या बाईंनी छापील अर्ज काढून पेन हातात घेतलं.

"कारण काय लिहू? सिनेमा, जाहिरात की लग्न?"

"भित्तिपत्रक."

"ते यात नाही. या तिन्हींतलंच सांगा."

ग्रंथपालांनी थोडा विचार करून खरं तेच सांगितलं, "तसं म्हटलं तर लग्नच."

"वधू कुठे आहे?"

"घरी. लग्न चौतीस वर्षांपूर्वी झालं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग अर्ज करायला जरा उशीरच केलात, काका."

"थांबा, मी साहेबांनाच भेटतो," असं म्हणून गार्ड आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्यांचा शब्द खाली पडत नव्हता हे खरं; पण तो झेलणारी सगळी माणसं निवृत्त झाली होती. ग्रंथपाल कंटाळून जुन्या फलाटाच्या टोकाला चालत गेले. तिथे, बंद पडलेल्या पार्सल खोलीपाशी, तो बाक होता. वर घड्याळही होतं, काटे नसलेलं. ग्रंथपाल हळूच बसले. डोळे मिटले. चाळीस मिनिटं आठवायला सुरुवात केली.

तेवढ्यात ध्वनिक्षेपक खरखरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. एक वयस्क गृहस्थ हरवले आहेत."

ग्रंथपालांनी डोळे न उघडता मान हलवली. काय एकेक लोक! घरच्यांनी म्हाताऱ्या माणसांना असं मोकळं सोडावं कसं?

"अंगात करडा कोट, डोळ्यांवर चष्मा, काखेत फाईल. ते आपलं नाव सांगत नाहीत. आपण ग्रंथपाल आहोत असं ते म्हणतात. दिसल्यास त्यांच्याशी वाद घालू नये. प्रेमाने बोलावं आणि त्यांना चौकशीच्या खिडकीपाशी आणून सोडावं."

ग्रंथपालांनी डोळे उघडले. समोर कॉलेजच्या दोन मुली उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते प्रेम ओसंडत होतं.

"आजोबा, चला ना. घरी जायचं ना आपल्याला?"

"मी आजोबा नाही. आणि मी हरवलेलो नाही. मी ग्रंथपाल आहे!"

"हो हो, आहात की," एक म्हणाली आणि दुसरीला हळूच म्हणाली, "हेच ते."

"हा माझा बाक आहे!"

"तुमचाच आहे. कुणी नेत नाही तो. थांबा, बाकाबरोबर तुमचा एक छान फोटो काढते, मग जाऊ."

असा तो फोटो निघाला: तोंड उघडं, एक बोट हवेत, चष्मा वाकडा. दोन्ही बाजूंनी हात धरून ग्रंथपालांची वरात सगळ्या फलाटांवरून निघाली. लोक वाट करून देत होते. एका बाईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. चौकशीच्या खिडकीत रजिस्टर तयार होतं. गार्डांनी 'सुस्थितीत मिळाले' असं लिहून खाली सही केली आणि त्यांना ताब्यात घेतलं. एकतीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचे शिक्के मारलेला माणूस त्या दिवशी स्वतः नोंद होऊन परत आला. गार्डांनी बचाव केला, "मी फक्त सोबती हरवलाय एवढंच म्हणालो. बाकीचं त्यांच्याकडे छापीलच असतं." येताना दोन तास दोघं वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत बसले.

घरी येताना ग्रंथपालांनी सवयीने पेटी उघडली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अकरावा लिफाफा पडला होता. मजकूर टाईप केलेला. वाचायची इच्छा नव्हती. पण समोर चूक काढायला काही असलं की त्यांना बरं वाटे, म्हणून जिन्यातच उभं राहून त्यांनी लाल पेन्सिल काढली.

'माझं आवडतं स्टेशन एक जंक्शन आहे,' मजकूर सुरू झाला. 'लग्न होऊन चार दिवस झाले होते. समोर दुसरीच एक गाडी उभी होती. तिच्या डब्यावरची पाटी चुकीची आहे असं माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. तो ते सांगायला डब्यात चढला. आत तो कुणाला तरी समजावून सांगत होता, तेवढ्यात गाडी सुटली. पाटी बरोबर होती.

'पुढचं स्टेशन लांब होतं. त्याला परत यायला तीन तास दहा मिनिटं लागली. पहिली दहा मिनिटं मी घाबरले. मग लक्षात आलं की जन्मापासून आजपर्यंत मी कधी एकटी बसलेलीच नाही. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला काही द्यायचं नव्हतं. त्या तीन तासांत मी काय केलं ते इथे लिहिणार नाही. ते माझं आहे. इतकं सुख मला पुढे कुठल्याच स्टेशनावर मिळालं नाही.

'नवरा परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी काही बोलले नाही. मग आमच्या गाडीला चाळीस मिनिटं अवकाश होता. त्याने मला सिग्नलची माहिती सांगितली.'

ग्रंथपाल जिन्यातच बसले. लाल पेन्सिल हातात होती, पण ती कुठेच टेकेना. पाटी. तो हिरवा डबा, आणि 'अहो, उतरा, गाडी हलली' म्हणणारा तो माणूस. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असलेलं त्यांनी इतक्या मागच्या कपाटात ठेवलं होतं की कपाटच विसरले होते. चौतीस वर्षं ते पाहुण्यांना चाळीस मिनिटं सांगत होते, आणि ती शेजारी बसून पाणी हवं का विचारत होती.

वर गेल्यावर बायकोने विचारलं, "मिळाला का फोटो?"

"निघाला," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी एक लिफाफा आलाय."

"हो का? कसं आहे लिखाण?"

ग्रंथपालांनी कोट खुंटीला लावला. ती फाईल कुठे तरी फेकावीशी वाटत होती. फेटाळायला कारणही शोधून झालं होतं: संपादकाच्या विषयाशी साम्य. पण काही झालं तरी एकतीस वर्षांत त्यांनी चांगल्या पुस्तकाला वाईट म्हटलं नव्हतं. "एकही शब्द कापता येणार नाही," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं.

रविवारी सकाळी स्टेशनं लागली. पंपाच्या नोटिशीखालची मोक्याची जागा ग्रंथपालांनी नमुन्यासाठी फुटपट्टीने मोजून ठेवली होती. तिथे अकरा नंबर लागला. नमुना फाईलमध्येच राहिला. लोक लिफ्ट सोडून देऊन वाचत उभे राहिले. दोघं भाऊ आपापल्या नळाच्या मजकुरासमोर उभे होते. सेक्रेटरी आपल्या फरशीच्या मजकुराकडे एकदाच बघून सरळ मध्यावर आला आणि हसायला लागला.

"पाटी बरोबर होती! आणि हा उतरायचा सोडून आत समजावून सांगतोय! कुठला शहाणा हा?"

"आणि वर सिग्नलची माहिती!" डॉक्टरीण डोळे पुसत म्हणाली.

सगळ्यांनी हात वर करून अकरा नंबरला पहिला ठरवलं. "ज्यांनी हे लिहिलं त्यांनी पुढे यावं," सेक्रेटरी म्हणाला. "टाळ्या तरी वाजवू द्या."

कुणी हललं नाही. ग्रंथपालांनी मागे पाहिलं. बायको लिफ्टच्या दाराशी पिशवी घेऊन उभी होती, आणि दाराच्या जाळीकडे असं बघत होती जणू तिला जाळ्यांचीच आवड. ती पुढे येणार नव्हती. आली असती तर तो शहाणा कोण ते कळलं असतं. चौतीस वर्षं ती जशी आली नव्हती, तशीच आजही येणार नव्हती.

ग्रंथपालांनी घसा साफ केला. कोटाची बटणं लावली. असा क्षण आयुष्यात एकदाच येतो, आणि तो नीट वाक्यात बसवला पाहिजे, असं वाटून ते जरा थांबले.

"मंडळी," ते म्हणाले. "ज्याच्यावर आपण हसताहात, तो नवरा दुसरा कुणी नसून... मी आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पण आश्चर्य कुणाच्याच चेहऱ्यावर नव्हतं.

"अहो, ते माहितीये की," गार्ड म्हणाले. "डब्यावरच्या पाटीत चूक काढायला चढला, हे वाचलं तेव्हाच कळलं. दुसरं कोण चढणार?"

"मला तर दुसऱ्या ओळीतच कळलं, काका," डॉक्टरीण म्हणाली.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल की आम्हाला माहीत आहे," सेक्रेटरी म्हणाला. मग सगळ्यांनी ग्रंथपालांना ओलांडून बायकोसाठी टाळ्या वाजवल्या, आणि थोरला भाऊ धाकट्याला म्हणाला, "बघ, माणसाने चूक अशी कबूल करावी." त्यावर पुन्हा नळ निघाला. आयुष्यातला एकमेव त्याग करून ग्रंथपाल तिथे उभे होते आणि त्यांच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. लोकांना कशाची म्हणून किंमत नाही, हे त्यांचं मत त्या दिवशी कायमचं पक्कं झालं.

लिफ्टमध्ये दोघंच होती. पहिला मजला गेला. दुसरा गेला.

"तीन तास काय केलंस?" ग्रंथपालांनी दाराकडे बघत विचारलं. "मला सांगायला हरकत नसेल तर."

बायकोने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "स्टॉलवरून एक खुनाची कादंबरी घेतली होती. नाव सांगणार नाही, तुम्ही नाक मुरडाल. पाय वर घेऊन वाचत बसले."

"नाही मुरडणार." एकतीस वर्षांची सवय, त्यांनी विचारलंच, "कुणी केला होता खून?"

"काय माहीत," ती म्हणाली. "शेवटची दोन पानं राहिली होती. तेवढ्यात तुम्ही आलात."